वैशाखातली रजा : पारोळा तालुक्यातील एका पर्माकल्चर मळ्याचा प्रकरण अभ्यास

जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यातील चार एकरांच्या एका मळ्यातील सून लग्नानंतर दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जात असे. मळ्याची मांडणी पर्माकल्चर पद्धतीने (शेती, झाडे, जनावरे आणि घर यांची एकत्र जुळणी करून) सुरू झाल्यानंतरच्या सलग तीन आखाजी मात्र तिने सासरीच काढल्या. तिला कोणी अडवले नव्हते. सासू-सासरे जा म्हणत होते, नवरा बसथांब्यापर्यंत सोडायला तयार होता, माहेराहून भाऊ घ्यायला येतो म्हणून निरोप पाठवत होता, तिचे उत्तर दर वेळी एकच असे : “ढोरं उपाशी ठेवीसन माहेरले कशी जाऊ?” हा अभ्यास त्या एका उत्तराचा आहे. मळ्याचे उत्पन्न, जमिनीचा कस, झाडांची वाढ या बाबी येथे ओघाने येतील. मुख्य प्रश्न असा की ज्या मांडणीतून घरातील एका माणसाला वर्षातून आठ दिवसही बाहेर पडता येत नाही, त्या मांडणीत नेमके काय चुकलेले असते. कुटुंबाच्या इच्छेनुसार गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही.

आखाजी हा खान्देशात सासुरवाशिणींचा सण आहे. गौराई बसते, लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, फांदीला झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, आमरसाचे जेवण होते आणि लेकी माहेरी येतात. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, सालही याच दिवशी संपते आणि नवे साल याच दिवशी ठरते. सण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो, आणि त्या सुमारास कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती फार थोडे काम असते : कपाशीचे रान मोकळे झालेले, नांगरट उरकलेली आणि पेरणीला अजून महिना-दीड महिना अवकाश. लेकीबाळींनी आठ दिवस माहेरी राहण्याची रीत या रिकामपणावर उभी आहे. या मळ्याने तो रिकामपणाच संपवला होता.

मळा आणि त्याचा नकाशा

मळा बोरी नदीच्या खोऱ्यात आहे. वरचा अर्धा भाग मुरमाड, खालचा काळा. पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. घरात सहा माणसे आहेत : सासरे (त्यांना सगळे आबा म्हणतात), सासूबाई, मुलगा, सून आणि दोन शाळकरी मुले. मुलगा पुण्याकडच्या कारखान्यातील नोकरी सोडून परतला आणि येताना पर्माकल्चरचे शिक्षण घेऊन आला. त्याआधी या जमिनीवर कपाशी, तूर आणि थोडी ज्वारी एवढेच पीक होते, दारात एक गाय होती आणि मळ्यात घर असले तरी भाजी पारोळ्याच्या बाजारातून येत असे.

पर्माकल्चर हा विचार 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी मांडला. शेती, घर, पाणी, जनावरे आणि झाडे यांची जुळणी अशी करावी की एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडेल आणि माणसाचे कष्ट कमी होतील, हा त्याचा गाभा आहे. जमिनीची विभागणी घरापासूनच्या निव्वळ अंतरावर करायची नसते, तर माणसाला तेथे किती वेळा जावे लागते यावर करायची असते : घर हा शून्य विभाग, दिवसातून अनेकदा जावे लागते तो पहिला, आणि ज्याला हातच लावायचा नाही असा रानाचा तुकडा पाचवा. मुलाने काढलेल्या नकाशात हे सारे विभाग होते. अंगणालगत वाफे, त्यापलीकडे शेवगा, लिंबू, सीताफळ, पपई, मग कपाशी-तूर आणि ज्वारी-उडीद, बांधावर गिरिपुष्प (पाल्याच्या खतासाठीचे झाड), बोर व लिंब, आणि नाल्याकाठचा कोपरा रानासाठी सोडलेला.

पाणी अडवून मुरवण्यासाठी उतारावर आडव्या खोदलेल्या समतल चरांबद्दल एक गोष्ट येथेच नोंदवून पुढे गेलेले बरे. परदेशी चित्रांमध्ये दिसतात तसे पूर्ण सपाट चर वरच्या मुरमाड भागात उत्तम चालले, पण खालच्या काळ्या जमिनीत त्यांत पाणी तुंबले, पपईची मुळे कुजली आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटला. काळ्या जमिनीत बांधाला थोडा उतार देऊन जादा पाणी नाल्यापर्यंत सावकाश काढून द्यावे लागते, हे आबांना ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते एवढेच. पुढच्या वर्षी त्यांनीच ओळंबा आणि दोरी घेऊन तो भाग सुधारला.

नकाशातली खरी अडचण निराळी होती. गोठा जुन्या जागी, म्हणजे खालच्या विहिरीजवळ राहिला, कारण तो आधीपासून तेथेच होता. रोपवाटिका रस्त्याकडेच्या लिंबाखाली गेली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला रोपे दिसावीत. घर वरच्या मुरमाड टेकाडावर, कारण काळ्या जमिनीत पाया टिकत नाही. तिन्ही निर्णयांना आपापले कारण होते आणि तिन्ही कारणे खरी होती; तरी दिवसातून सर्वाधिक वेळा जाव्या लागणाऱ्या तीन जागा मळ्याच्या तीन टोकांना जाऊन पडल्या.

उन्हाळ्यातला दिवस

तिसऱ्या वर्षीचा सुनेचा चैत्र-वैशाखातला दिवस असा असे. पहाटे, उजाडण्याआधी, ती गोठ्यात उतरे. शेण काढणे, गव्हाण झाडणे, दोन्ही गायींना आणि कालवडीला पाणी दाखवणे, मग धार. धार काढून वर आली की चूल पेटे. चहा, मुलांचे डबे, ज्वारीच्या नाहीतर कळण्याच्या भाकरी. भाकरी होईपर्यंत सासूबाई बसल्या जागी भाजी निवडत, कारण गुडघ्यांमुळे त्यांना टेकाड चढणे-उतरणे जमत नसे. त्यानंतर कोंबड्यांचे खुराडे उघडायचे, अंडी गोळा करायची, त्यांच्या पसरट भांड्यातले पाणी बदलायचे. मग रोपवाटिका. काळ्या पिशवीतल्या रोपाला वैशाखात दोन वेळा पाणी लागते. एक वेळ चुकली की शेवग्याचे रोप दुसऱ्या दिवशी मान टाकते. भाजीच्या वाफ्यांवरचे आच्छादन हलवून ओल पाहायची, वाळवी चढली असेल तेथे आच्छादन बाजूला सारून ते पुन्हा पातळ पसरायचे. सकाळी दहाच्या पुढे बाहेर उभे राहणे कठीण होई. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पारोळाही फारसा मागे नसतो.

दुपार विश्रांतीची म्हणावी तर तीही नव्हती. हाच हंगाम पापड, कुरडया आणि बिबड्यांचा, तुरीची डाळ करण्याचा, वर्षाचे धान्य ऊन देऊन लिंबाच्या पाल्यासह भरून ठेवण्याचा. उन्हे कलल्यावर पुन्हा गोठा, पुन्हा धार, पुन्हा रोपे, खुराडे बंद करणे आणि स्वयंपाक. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येई. रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा विहिरीवर जागे आणि सकाळची त्याची कामेही तिच्याकडे येत.

नवरा आळशी होता असा अर्थ कोणी काढू नये. चर खोदणे, कलमे बांधणे, जीवामृत घालणे (दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन), माल बाजारात नेणे ही कामे तो मनापासून करी. पण त्याच्या कामांचे स्वरूप पाहिले तर त्यातले जवळजवळ प्रत्येक काम दोन दिवस पुढे ढकलता येण्यासारखे होते. सुनेच्या कामांपैकी एकही काम सकाळचे संध्याकाळवर ढकलता येत नव्हते. घरातल्या श्रमांची चर्चा बहुधा तासांवर होते. या घरात तास जवळपास सारखेच निघाले असते. फरक होता तो काम थांबू शकते की नाही याचा, आणि थांबू न शकणारी सगळी कामे एकाच माणसाकडे जमली होती.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. कपाशीच्या शेतीत कष्टाचे डोंगर असतात आणि त्यांच्यामध्ये दऱ्या : पेरणी, श्रावणातली निंदणी, दिवाळीनंतरची वेचणी, आणि मग उन्हाळ्याची मोकळीक. मिश्र मळा डोंगर कमी करतो, हे खरेच आहे. पण तो दऱ्याही बुजवतो. जनावर, कोंबडी, रोप आणि वाफा यांना हंगाम नसतो. शिवाय ही कामे घराला चिकटून असल्यामुळे ती घरकामातच मोजली जातात आणि घरकाम कोणाचे हे आधीच ठरलेले असते. नव्या पद्धतीत जे जे ‘पहिल्या विभागात’ बसवले, ते ते कोणी न सांगता सुनेच्या वाट्याला गेले. मजूर ठेवावा, तर आखाजीच्या आसपास गावात माणूस मिळत नाही. जुन्याचे साल संपलेले असते आणि नवे ठरायचे असते.

भिंतीवरच्या रेघा

चौथ्या वर्षी संक्रांतीनंतर मुलाने एक साधी गोष्ट केली. घराच्या मागच्या भिंतीवर गोठा, विहीर, रोपवाटिका, खुराडे, वाफे आणि सरपण अशी चौकटी आखून प्रत्येक माणसाने तेथे जाऊन आल्यावर एक रेघ ओढायची, असे ठरवले. आबांनी कोळशाने ओढल्या, मुलांनी खडूने, सुनेने हळदीच्या बोटाने. पंधरवड्यानंतर वाचायला काही उरले नाही इतकी भिंत स्पष्ट बोलत होती : हळदीच्या रेघा इतर सगळ्यांच्या मिळून होत्या त्याहून अधिक, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गोठा, विहीर आणि रोपवाटिका या तिघांच्या मधल्या. सरपणाच्या चौकटीत फक्त तिच्याच रेघा होत्या, आणि ही गोष्ट त्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

नकाशा काढण्याआधी ही भिंत रंगली असती तर बरे झाले असते, असे अभ्यासकाचे मत आहे. कोठे किती वेळा जावे लागते हे कागदावर ठरवता येत नाही. घरात जो सर्वांत जास्त चालतो त्याच्या पावलांवरून ते वाचावे लागते.

काय बदलले

पहिला बदल पाण्यात झाला. पत्र्याच्या छपराचे पाणी धरून ठेवण्याची मूळ कल्पना खान्देशात अर्धवट उपयोगाची आहे. ऐंशी चौरस मीटरच्या पत्र्यावर सहाशे मिलिमीटर पावसात सांडलवंड वजा जाता चाळीस हजार लिटरच्या आतबाहेर पाणी मिळते, परंतु पुढचे आठ महिने कोरडे असल्यामुळे ते वैशाखापर्यंत साठवायला लागणारी टाकी घराएवढीच महाग पडते. त्यांनी छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडले आणि वर टेकाडावर एक मध्यम टाकी बांधली, जी पंप चालू असेल तेव्हा भरून घेता येते. आता गोठ्याला, खुराड्याला आणि वाफ्यांना पाणी वरून उताराने येते. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पिते. ते पाणी बादलीने पोहोचवण्याचे काम संपले, तेव्हा सुनेचा निम्मा गोठा संपला असे सासूबाई म्हणतात. न्हाणीघराचे सांडपाणी केळीच्या खड्ड्यात सोडले. वाफ्यांमध्ये पाझरणारे माठ पुरले. एकदा भरला की माठ तीन-चार दिवस मुळांना ओल देतो, आणि तो भरायला कसलेही कसब लागत नाही, म्हणून ते काम मुलांकडे गेले.

दुसरा बदल रोपवाटिकेचा. ती लिंबाखालून उठवून घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत आणली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिशव्या भरण्याचा मुहूर्त बदलला. पूर्वी माघात बी टाकून जूनमध्ये विकण्याजोगी रोपे तयार करत. म्हणजे रोपांचे सगळ्यांत नाजूक वय भर उन्हाळ्यात. आता शेवगा, पपई आणि गिरिपुष्प ज्येष्ठाच्या तोंडावर लावतात. रोपे उशिरा व लहान निघतात, पहिल्या पावसाचे गिऱ्हाईक हातचे जाते. हा तोटा त्यांनी जाणूनबुजून पत्करला आहे.

तिसरा बदल सरपणाचा आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा निघाला, कारण त्यात पऱ्हाट्यांचा प्रश्न आला. कपाशीची काढलेली झाडे खान्देशातल्या चुलीचे जुने इंधन आहे. घराशेजारी रचलेली पऱ्हाट्यांची गंजी हे प्रत्येक वस्तीवरचे दृश्य. मुलाला त्याच पऱ्हाट्या आच्छादनासाठी हव्या होत्या, आईला चुलीसाठी. आणि दोघांच्याही मागणीच्या आड गुलाबी बोंडअळी होती. अळी झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत तग धरते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते; 2017 च्या खरिपात महाराष्ट्राने तिचा जो मार खाल्ला, त्यानंतर फरदड (कपाशी शेतात पुढे ठेवून घेतलेले जादा पीक) न घेता वेळेवर पीक काढावे आणि पऱ्हाट्या शेतात वा बांधावर रचून ठेवू नयेत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. म्हणजे गंजी घालणे धोक्याचे, तसेच न तुकडे करता पसरणेही धोक्याचे. त्यांनी तीन घरांत मिळून भाड्याने कुट्टीयंत्र आणले, जानेवारीतच पऱ्हाट्यांचा भुगा केला आणि तो शेणकाल्यासह खड्ड्यात कुजवला. वाफ्यांवर आता ज्वारीचा टाकाऊ कडबा आणि गिरिपुष्पाचा पाला पसरतात, तोही घराच्या भिंतीपासून दूर आणि पातळ, कारण ओलसर जाड आच्छादनाखाली विंचू आणि घोणस दोन्ही निघाले होते. अनवाणी पायांनी भाजी तोडणाऱ्या बाईला आच्छादनाची जाडी किती असावी हे पुस्तकापेक्षा वेगळे दिसते.

इंधनाची तूट गोबरगॅसने भरली, पण पूर्ण नव्हे. एक घनमीटरच्या लहान संयंत्राला रोज सुमारे पंचवीस किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. दोन गायी आणि एका कालवडीचे शेण त्याला कसेबसे पुरते. त्यावर चहा, वरण, भाजी आणि दूध तापवणे होते. भाकरी चुलीवरच होते, तिला तुराट्या पुरतात. शेण-पाणी कालवण्याचे नवे काम वाढले हे खरे, पण ते आबांनी घेतले, आणि एखादा दिवस चुकले तरी गॅस लगेच बंद पडत नाही. काम थांबू शकते की नाही, या कसोटीला ते उतरले.

घरी शेळ्याही होत्या, त्या विकल्या. यावर घरात महिनाभर अबोला होता, कारण शेळ्या सासूबाईंच्या होत्या आणि त्यांच्या पैशाचा हिशेब त्या कोणाला देत नसत. तडजोड अशी झाली की कोंबड्या आणि अंड्यांचे पैसे आता सासूबाईंचे. खुराडे अंगणात हलवले, म्हणजे त्यांना टेकाड उतरावे लागत नाही. मानमोडीची लस देण्याच्या तारखाही त्याच लक्षात ठेवतात.

पांझरेकाठची पाळी

तरीही धार आणि गोठा उरलाच होता. त्यावरचा तोडगा सुनेच्या माहेराहून आला. तिचे माहेर साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आहे आणि तिचे आजोबा फडावर पाटकरी होते. फड पद्धतीत नदीवरच्या बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत जाते, एका फडात सगळे शेतकरी एकच पीक घेतात, आणि पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करत नाही; गावाने नेमलेला पाटकरी सगळ्यांच्या शेताला पाळीने पाणी देतो, हवालदार त्यावर देखरेख ठेवतो, जागल्या पीक राखतो. या व्यवस्थेचे कौतुक पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी होते आणि ते योग्यच आहे. सुनेने तिच्यातले दुसरे मर्म सांगितले : फडावरचा शेतकरी पाण्याच्या पाळीला घरी नसला तरी त्याचे पीक सुकत नाही.

शेजारच्या दोन मळ्यांतही गायी होत्या आणि तेथल्या सुनांचीही आखाजी हुकत होती. तिन्ही घरांनी मिळून वैशाखापुरती पाळी ठरवली. एका घरची बाई माहेरी जाईल तेव्हा उरलेल्या दोन घरांपैकी एक माणूस सकाळ-संध्याकाळ तिच्या गोठ्यावर जाईल, आणि त्या दिवसांचे दूध त्याचे. पैसे नाहीत, वही नाही. तिघी एकाच वेळी जाऊ शकत नाहीत, म्हणून कोणी आखाजीला, कोणी सणाच्या आधी, कोणी नंतर जायचे. ऐन सणाचा मान दरवर्षी फिरता. घरातल्या पुरुषांना धार काढता आली पाहिजे, ही अट बायकांनी घातली. मुलाने ती फाल्गुनात शिकायला घेतली. त्याची बोटे दुखत, आणि आबा ओसरीवरून हसत, पण आबांनाही धार येत नव्हती हे सासूबाईंनी त्यांना ऐकवले.

त्या वर्षी सून आखाजीला सहा दिवस माहेरी गेली. मळ्याचे काय झाले ते तपशिलाने लिहिण्याजोगे आहे. माठ भरले गेले. कोंबड्यांपैकी दोन उष्म्याने मेल्या, कारण दुपारी खुराड्यावरचे गोणपाट ओले करायचे राहून गेले. हे काम कोणत्याही चौकटीत नव्हते, ती ते जाता-येता करत असे आणि तिने स्वतःही ते काम म्हणून कधी सांगितले नव्हते. निमाडी गायीने नव्या हाताला दोन दिवस कुरकुर करून मग दूध दिले. गीर संकराच्या गायीने मात्र पान्हा चोरला, म्हणजे दूध कासेत धरून ठेवले. वासरू लावून, अंबोण पुढे ठेवून, सुनेचे जुने लुगडे खांद्यावर टाकूनही ती निम्म्यावर आटोपू लागली, आणि कास पूर्ण मोकळी न झाल्याने चौथ्या दिवशी एक सड गरम व कडक लागला. कासदाह वेळीच ओळखला म्हणून पशुवैद्यकाच्या औषधाने तो आवरला, पण त्या वेताचे दूध पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही.

सून परत आल्यावर घरात जो विचार झाला, तो या प्रकरणातला सर्वांत उपयोगाचा भाग वाटतो. गाय दुसऱ्या हाताला सवय करून घेईल अशी वाट पाहण्यापेक्षा तिचे वेतच अशा बेताने धरावे की आखाजीला ती दुभती नसेल, असे आबांनी सुचवले. गायीचा गाभणकाळ सुमारे नऊ महिने नऊ-दहा दिवसांचा. भाद्रपदात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यास ती फळली, तर जूनच्या अखेरीस विते. विण्याआधी दोन महिने तिला आटवायचेच असते, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून धार बंद. भर उन्हाळ्यात दुभत्या जनावराचे पाणी आणि वैरण वाचते, आणि विते तेव्हा बांधावर हिरवा चारा उगवलेला असतो. वैशाखात दूध नाही, ही त्याची किंमत. निमाडी गाय फाल्गुनात विणारी ठेवली तर घरच्या चहापुरते दूध राहते, आणि तिची धार आता मुलाला येते.

अडचण एवढीच की गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, आणि कृत्रिम रेतन एका खेपेला लागेलच असे नाही. एक खेप हुकली की सगळा हिशेब तीन आठवडे पुढे सरकतो. मग आखाजी उशिरा आली तरी ती बहुधा ऐन सणात दुभतीच असते. कासेचे दुखणे निस्तरल्यावरच्या भाद्रपदात पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या वेळी ती माजावर आल्याचे सुनेनेच पहाटे ओळखले आणि सकाळी आठच्या आत डॉक्टरांना फोन गेला. तपासणीत गाय गाभण निघाली आहे. ती जुलैच्या मध्यास विणार आणि तिला मेच्या मध्यापासून आटवायचे, असा आताचा हिशेब आहे. त्यामुळे येत्या वर्षी ऐन सणाचा मान शेजारच्या मळ्याला देऊन या घरच्या सुनेने आखाजीनंतरच्या आठवड्यात माहेरी जायचे ठरले आहे. खुराड्यावरचे गोणपाट ओले करण्याचे काम धाकट्या मुलाकडे दिले आहे.